गरम गुडघा, गार गुडघा : चिनी वैद्यकातलं दाहाचं पथ्य

दोन माणसं घ्या. दोघांचेही गुडघे सुजलेत. पहिल्याचा गुडघा एका जंगी जेवणानंतर मध्यरात्री अचानक धरला. तो लालबुंद झालाय, तापलाय, चादर लागली तरी कळ येते. दुसऱ्याचा गुडघा कित्येक महिने आखडलेलाच आहे. पावसाची झड लागली की जड होतो, हाताला गार लागतो, शेक दिला की थोडा सैल पडतो. आपल्याकडे दोघंही बहुधा एकाच जातीची वेदनाशामक गोळी घेतील आणि दोघांनाही कुणीतरी हळद-आल्याचा काढा सुचवेल, कारण हळद आणि आलं दाह कमी करतात असं सगळीकडे छापून येतं. परंपरागत चिनी वैद्यक शिकलेला वैद्य मात्र पहिल्याचं आलं बंद करेल आणि दुसऱ्याला आलं घातलेला मटणाचा रस्सा प्यायला सांगेल.

या फरकातच सगळा विषय आहे, आणि 'चिनी वैद्यकातले दहा दाहशामक पदार्थ' अशा याद्यांमधून नेमका तोच गळून जातो. अशी सगळ्यांना लागू पडणारी यादी त्या परंपरेत नाही. तिथे पदार्थ निवडण्याआधी माणूस बघतात, त्याचा आजार कुठल्या जातीचा आहे ते बघतात आणि बाहेर कुठला ऋतू चालू आहे तेही बघतात. यादी उचलून माणूस सोडला तर हातात नुसती भाजी उरते.

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. काटा बोचला, जंतू शिरले किंवा सांध्यात यूरिक आम्लाचे स्फटिक साचले की शरीर त्या जागी रक्ताचा ओघ वाढवतं आणि पांढऱ्या पेशी तिकडे धाडतं. त्यातून लाली, सूज, ऊब आणि वेदना येते. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एकत्र नोंदवली. चिनी वैद्यही गळवाचं वर्णन करताना हीच चार सांगतात : लाल, सुजलेलं, तापलेलं, दुखरं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण दाहाचा दुसरा प्रकार मंद असतो. त्यात लाली नसते, सूज दिसत नाही, फक्त रक्ताच्या तपासणीत सीआरपीचा, म्हणजे दाह असला की वाढणाऱ्या एका प्रथिनाचा, आकडा थोडा चढलेला असतो. पोटावरची चरबी, मधुमेह, हृदयविकार यांच्याशी या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचं नातं आहे, हे आता डॉक्टर मान्य करतात.

जुन्या चिनी वैद्यांकडे सीआरपी नव्हतं. ते जीभ बघायचे, नाडी बघायचे. तहान कशी लागते, गरम पाणी हवंसं वाटतं की गार, शौचाला कसं होतं, रात्री घाम येतो का, हे विचारायचे. या उत्तरांवरून त्यांना दाह हा एकच आजार दिसत नसे. कुणाच्या अंगात उष्णता साठलेली असते. कुणाच्या उष्णतेत ओलावा मिसळून चिकट गाळ झालेला असतो. कुणाच्या शरीरातला ओलावा आटल्यामुळे उरलेली ऊब डोकं वर काढते. कुणाच्या सांध्यात वारा, थंडी आणि दमटपणा मिळून रक्ताची वाट अडवतात. अशा अडलेल्या सांधेदुखीला 'पी' म्हणतात, आणि ती वारा, थंडी, दमटपणा या तिघांच्या संगनमताने होते असं 'ह्वांगदी नैजिंग' या दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात सांगितलंय. प्रत्येक जातीचं पथ्य वेगळं, काही वेळा थेट उलटं.

पदार्थाचा स्वभाव

हे पथ्य ठरतं पदार्थाच्या स्वभावावरून. थंड, शीतल, सम, ऊबदार आणि उष्ण अशा पायऱ्या आहेत. जोडीला आंबट, कडू, गोड, तिखट, खारट अशा पाच चवी. पदार्थ ताटात गरम आहे की गार याच्याशी स्वभावाचा संबंध नाही. 'तोंड आलंय, उष्णता झालीय, सब्जा पी' हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. आयुर्वेदातही उष्ण-शीत वीर्य आहेच. मात्र दोन्हीकडच्या याद्या एकमेकींवर ठेवल्या तर जुळत नाहीत. चरकसंहितेत बोकडाचं मांस समतोलाच्या जवळ बसतं, चिनी ग्रंथांत शेळ्यामेंढ्यांचं मांस पक्कं उष्ण आहे. म्हणून घरची समजूत चिनी पथ्याला सरसकट लावू नये.

स्वभाव कायमचा ठरलेलाही नसतो, हा मला या पद्धतीतला सर्वात सुंदर भाग वाटतो. ताजं आलं ऊबदार, त्याचीच सुंठ उष्ण, आणि आल्याची साल मात्र शीतल. कच्ची कमळकाकडी थंड, ती शिजवली की ऊबेकडे झुकते आणि पोटाला बळ देते. उकडलेले शेंगदाणे सम, तळलेले उष्ण. हिरवा चहा शीतल, आंबवून काळा केलेला ऊबदार. चिनी गृहिणीला म्हणूनच 'काय खाऊ' याबरोबर 'कसं शिजवू' हाही प्रश्न तितकाच मोठा असतो. तळणं, भाजणं, मसाले यांनी आग वाढते. वाफवणं, उकळणं, पाण्यात मंद शिजवणं यांनी ती वाढत नाही.

सांगली जिल्ह्याच्या वाचकांसाठी हळदीचं उदाहरण मुद्दाम देतो. हळदीचं झाड चिनी औषधांत दोन वेगळ्या नावांनी येतं. जमिनीतला मुख्य कंद म्हणजे 'च्यांगह्वांग'. तो ऊबदार, रक्त खेळतं करणारा, खांदा-दंड आखडला असेल तर वापरायचा. त्याच कुळातल्या झाडांच्या मुळांना टोकाशी लागणाऱ्या गाठी म्हणजे 'यूजिन'. त्या थंड, उष्णतेमुळे रक्त अडलं असेल तर वापरायच्या. आपण ज्याला सरळ हळद म्हणतो त्यात तिथल्या वैद्याला दोन विरुद्ध औषधं दिसतात.

ही विद्या जुनी आहे. राजदरबारातल्या वैद्यांचे चार वर्ग 'चौ ली' या प्राचीन ग्रंथात दिलेत, त्यात पहिला वर्ग आहार-वैद्यांचा आहे. सातव्या शतकात सुन सिमियाओने सांगितलं की वैद्याने आधी अन्नाने उपचार करावा, तो लागू पडला नाही तरच औषध द्यावं. १३३० साली मंगोल बादशहाच्या दरबारातल्या हू सिह्वेईने राजाच्या भटारखान्यासाठी आहारशास्त्राचं पुस्तकच लिहून दिलं.

ग्वांगदोंगची आग

उष्णतेचा दाह समजून घ्यायचा तर दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात जावं. तिथली हवा कोकणासारखी, गरम आणि दमट. तिथे तोंड आलं, घसा सुजला, हिरडी ठणकली, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, पोट साफ झालं नाही की लोक म्हणतात 'शांगहुओ' झालं, म्हणजे आग वर चढली. कारणं सगळ्यांना पाठ असतात : तळलेलं, तिखट, दारू, जागरण, ड्युरियन, लिची. एका लिचीत तीन आगी असतात अशी तिथली म्हण आहे, आणि लिची खाल्ल्यावर मिठाचं पाणी पिण्याची रीतही आहे.

त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे 'लियांग-छा', शीतल चहा. नावात चहा असला तरी तो काढाच असतो. शेवंतीची फुलं, हनीसकलच्या कळ्या, ज्येष्ठमध, आणि वाचून नवल वाटेल पण पांढऱ्या चाफ्याची वाळवलेली फुलंही त्यात पडतात. 'चोवीस चवी' नावाचा एक काढा तर भलताच कडू असतो. ग्वांगजौ शहरातलं वांग लाओजी हे या काढ्याचं घराणं आपली सुरुवात १८२८ सालची सांगतं. हाँगकाँगला राहणाऱ्या मराठी मंडळींनी रस्त्याकडेच्या दुकानांत भोपळ्याच्या आकाराची पितळी पिंपं पाहिली असतील; त्यात हाच काढा असतो. २००६ मध्ये चीनने त्याला राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आज तो डब्यांत भरून देशभर विकला जातो, पण डब्यातल्या पेयात साखर भरपूर असते. ज्याला मंद दाहाची, वजनाची किंवा मधुमेहाची काळजी आहे त्याने त्याला औषध समजून पिऊ नये.

घरातलं रोजचं शामक मात्र मूग आहे. उन्हाळ्यात चिनी घरांत हिरव्या अख्ख्या मुगाचं पातळ कढण हमखास होतं, आणि त्यातही दोन प्रकार आहेत. उष्णता उतरवायची असेल तर उकळत्या पाण्यात मूग टाकून झाकण ठेवायचं, दहाएक मिनिटांत दाणे फुटायच्या आतच पाणी गाळून घ्यायचं. ते पाणी पोपटी हिरवं असतं. पोट भरायचं असेल तर मूग पूर्ण फुटून विरघळेपर्यंत शिजवायचे. पुष्कळदा हे पाणी हिरवं न राहता लालसर होतं आणि लोकांना वाटतं मूग खराब निघाले. खरं कारण रसायनात आहे : मुगाच्या सालीतली द्रव्यं हवेशी आणि क्षारयुक्त, जड पाण्याशी संयोग पावली की रंग बदलतो. लिंबाचे चार थेंब टाकले किंवा झाकण घट्ट ठेवलं तर हिरवा रंग टिकतो.

तापात ओलावा आटला, जीभ सुकली, लाळ घट्ट झाली तर आणखी एक सुरेख उपाय आहे. वू जुथोंग या वैद्याने १७९८ च्या आपल्या ग्रंथात 'पाच रसांचं पेय' दिलंय. नाशपातीचा रस, पाण्यात उगवणाऱ्या एका कुरकुरीत कंदाचा रस, बोरूच्या ताज्या मुळाचा रस, माय्दोंग कंदाचा रस आणि कमळकाकडीचा रस. शेवटचा नाही मिळाला तर उसाचा. पाचातले तीन थेट स्वयंपाकघरातले. कलिंगडाबद्दलही असंच : तीव्र तापावर 'पांढरा वाघ' नावाचा एक प्रसिद्ध काढा आहे, आणि कलिंगडाला तिथे 'निसर्गाने केलेला पांढरा वाघ' म्हणतात.

जंगी जेवणाचा गुडघा

आता पहिल्या माणसाचा लाल गुडघा. रात्रीत धरणारा, तापणारा असा सांधा बहुतेक वेळा गाऊटचा, म्हणजे यूरिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो. चिनी वैद्य त्याला ओलावा आणि उष्णता मिसळलेला दाह मानतात आणि बोट जेवणाकडे दाखवतात. तेलकट, गोड, जड खाणं पोटाला पेलवत नाही, ते पचल्याशिवाय साचतं, साचून तापतं, असा त्यांचा तर्क. 'नैजिंग'मध्ये म्हटलंय की चमचमीत खाणाऱ्यांना मोठाली गळवं होतात. स्निग्ध अन्न आतून उष्णता वाढवतं आणि गोड खाणं पोट जड करतं. आज चरबीच्या पेशी स्वतःच दाह वाढवणारी रसायनं स्रवतात हे प्रयोगशाळेत दिसलंय. दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी आहेत, ती एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण ताटावर दोघांचा सल्ला एकाच जागी येतो. चौदाव्या शतकातल्या झू दान्शी या वैद्याने दारू आणि मांसाचा सोस सोडून साधं, अळणी खाण्यावर स्वतंत्र लेख लिहिला, आणि सांधे ठणकवणाऱ्या या आजारावरही लिहिलं.

या प्रकारात ताटात काय येतं? सालीसकट शिजवलेला कोहळा, कारलं, काकडी, भाताची पातळ पेज, आणि 'यियी' नावाचं मोत्यासारखं टपोरं धान्य. या यियीची एक कथा इतिहासात नोंदलेली आहे. पहिल्या शतकात मा युआन हा सेनापती आजच्या उत्तर व्हिएतनामवर स्वारी करून आला. तिथल्या दमट रोगट हवेत तो यियी खाऊन टिकला होता, म्हणून परतताना त्याने गाडीभर बियाणं आणलं. त्याच्या मृत्यूनंतर शत्रूंनी बादशहाचे कान भरले की त्या गाडीत मोती होते.

इथे एका गोष्टीवर मी स्पष्ट बोलतो. ग्वांगदोंगमध्ये हाडं-मांस घालून दोन-तीन तास मंद आचेवर शिजवलेला रस्सा फार गुणकारी मानतात. कोहळा आणि यियीही त्यातच पडतात. पण मांसातलं प्युरीन पाण्यात उतरतं, आणि प्युरीनचंच शरीरात यूरिक आम्ल होतं. गाऊट असलेल्याने परंपरेचा मान राखून हा रस्सा प्यायला तर रात्री पुन्हा ठणका लागू शकतो. त्याने कोहळा पाण्यातच शिजवावा. चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने २०२४ मध्ये यूरिक आम्ल आणि गाऊटसाठी आहारमार्गदर्शिका काढली. तिच्यात प्युरीनचा हिशेब आणि पारंपरिक खाद्यौषधं दोन्ही शेजारी मांडलीत. मला हीच दिशा योग्य वाटते.

ताप आहे, तरी ऊबदार खा

उष्णता दिसली की थंड द्या, इतकं हे सोपं असतं तर वैद्याची गरजच नव्हती. १२३२ साली मंगोल फौजांनी कायफंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर शहरात साथ पसरली आणि वेशींमधून रोज प्रेतांची रांग लागली. तिथे असलेल्या ली दोंगयुआन या वैद्याने पाहिलं की लोक तापाने फणफणलेत आणि वैद्य त्यांना घाम आणणारी, जुलाब करणारी औषधं देतायत, आणि रुग्ण मरतायत. त्याने वेगळं निदान केलं. या माणसांनी महिनोन्‌महिने उपास काढले, भीती आणि दगदग सोसली, मग एकदम पोटभर जेवले. त्यांचं पोटच ढासळलंय, आणि ही उष्णता त्या ढासळण्यातून आलीय. अशा तापाला त्याने थंड औषध न देता ह्वांगछी नावाचं मूळ, जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल अशी गोड-ऊबदार औषधं सुचवली. १२४९ मध्ये त्याने पचनसंस्थेवर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

याचा आजच्या खाणाऱ्याशी थेट संबंध आहे. सतत थकवा, अन्नावर वासना नाही, पोट ढिलं, हातपाय गार, आणि तरीही वारंवार तोंड येतं, अशी माणसं आपण पाहतो. त्यांना कुणीतरी 'दाह आहे' म्हणून कच्च्या सॅलडवर, काकडीच्या रसावर, फ्रिजमधल्या स्मूदीवर ठेवतं. चिनी वैद्याच्या मते ही मोठी चूक. त्यांना मऊ गरम पेज, शिजवलेला भोपळा, रताळं, थोडं आलं असं हलकं ऊबदार अन्न हवं.

दुसऱ्या माणसाचा गार, आखडलेला गुडघा यापेक्षा सोपा. त्याला ऊब हवी : आलं, दालचिनी, मटण. इसवी सन २०० च्या आसपासच्या झांग झोंगजिंगच्या नावावर मटण, आलं आणि 'दांगग्वी' मूळ यांचा एक रस्सा आहे. मुळात तो थंडीने कळा येणाऱ्या पोटासाठी आणि बाळंतपणानंतरच्या दुखण्यासाठी होता. आजही चीनमध्ये हिवाळ्यात तो करतात. आणि ऋतूचं गणित पाहा : हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, अशी तिथली म्हण. उन्हाळ्यात ऊब कातडीकडे धावते आणि पोट आतून गार पडतं, म्हणून आलं. हिवाळ्यात उलट, म्हणून मुळा. शरद ऋतूत खेकडे खाताना ते थंड म्हणून सोबत आल्याचे तुकडे, व्हिनेगर आणि कोमट तांदळाची दारू असतेच.

विज्ञान काय म्हणतं, आणि कुठे थांबायचं

आल्यातली, शेवंतीतली, हनीसकलमधली काही द्रव्यं पेशींवर आणि उंदरांवर दाह कमी करताना दिसलीत. पण प्रयोगशाळेच्या दृष्टीने आलं आणि शेवंती दोन्ही दाहशामक, तर चिनी वैद्यकात एक ऊबदार आणि एक शीतल. म्हणजे 'उष्ण-थंड' ही वर्गवारी कुठल्याही एका रसायनाने मोजता येत नाही. संधिवाताच्या रुग्णांचे शीत आणि उष्ण असे गट करून त्यांच्या रक्तात फरक सापडतो का, हे चिनी संशोधकांनी तपासलंय. मात्र माणसांवरचे मोठे, काटेकोर प्रयोग आहारोपचाराच्या बाबतीत तोकडे आहेत. म्हणून हे पथ्य जेवण सुधारायला वापरावं, गोळी बंद करायला नाही. लाल-गरम सांधा, ताप येऊन सुजलेला सांधा किंवा सकाळी तासभर आखडणारे हात असतील तर आधी डॉक्टर.

अन्न आणि औषध यांतली रेषाही नीट बघायला हवी. चीन सरकार 'अन्नही आणि औषधही' अशा पदार्थांची अधिकृत यादी ठेवतं. २००२ मध्ये तिच्यात ८७ नावं होती. २०१९ च्या आदेशाने आणखी सहा जोडली, त्यात हळद आणि पिंपळी आहेत, तीही फक्त मसाला म्हणून. यादीबाहेरच्या वनस्पती हा स्वयंपाकाचा विषय नाही. 'लैगोंगथंग' नावाची वेल संधिवातावर गुणकारी असल्याचं चाचण्यांत दिसलंय, पण ती यकृताला आणि प्रजननक्षमतेला इजा करू शकते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी दुसरंच विषारी मूळ पडलं आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. ज्येष्ठमध साधं वाटतं, पण रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर दांगग्वी आणि गोजी बेरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि शेवंती खाण्यासाठी वाळवलेलीच घ्यावी; फुलबाजारातल्या गजऱ्याच्या शेवंतीवर कीटकनाशकं फवारलेली असतात.

बाकी साहित्य आपल्याच बाजारात आहे. तोंड आलंय, घसा तापलाय, तहान गार पाण्याची आहे, शौचाला कडक होतंय, तर मुगाचं हिरवं पाणी, कोहळ्याचं सार, नाशपाती, कारलं. आणि तितके दिवस फरसाण, झणझणीत रस्सा, दारू आणि जागरण बंद. हातपाय गार असतील, जुलाब होत असतील, तर तेच मुगाचं पाणी रिकाम्या पोटी नको. ग्वांगदोंगमध्ये मुगाची गोड खीर करतात तेव्हा तिच्यात शिनह्वेई भागातली, वर्षानुवर्षं मुरवलेली संत्र्याची साल टाकतात. साल ऊबदार, मूग थंड. मूग शिजायला ठेवतानाच ती भिजवून, आतला पांढरा भाग खरवडून, बारीक चिरून घालायची.